वुड फ्रॉग आणि सीरियन हॅमस्टर : दोन प्राण्यांची तुलना कशी लिहावी

मी जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी प्रकल्पाच्या वह्यांचा गठ्ठा तपासायला येतो आणि त्यात दोन प्राण्यांची तुलना हा विषय हमखास असतो. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे बेडूक, उजवीकडे हॅमस्टर. बेडूक उभयचर, हॅमस्टर सस्तन. बेडकाची कातडी ओलसर, हॅमस्टरच्या अंगावर केस. बेडूक अंडी घालतो, हॅमस्टर पिल्लांना जन्म देतो. अशा बारा-पंधरा ओळी, पट्टीने आखलेल्या. एकाही ओळीत चूक नसते. तरीही वही मिटताना त्या दोन जिवांबद्दल मला नवं काहीच कळलेलं नसतं, आणि लिहिणाऱ्या मुलालाही कळलेलं नसतं याचं मला जास्त वाईट वाटतं.

याच जोडीवर चांगली तुलना कशी लिहायची ते मी माझ्या मुलांना जसं वर्गात करून दाखवते, तसंच इथे सांगते.

पहिलं काम म्हणजे नाव पक्कं करणं. 'बेडूक' हा शब्द सात हजारांहून जास्त जातींना मिळून वापरतात. त्यांतले काही झाडावर राहतात, काही जमिनीत पुरून घेतात, काही आयुष्यभर पाणी सोडत नाहीत. तुम्ही यांतल्या कोणाबद्दल लिहिताय? हॅमस्टरच्या जाती बेडकांच्या मानाने अगदी थोड्या, पण घोटाळा तिथेच जास्त होतो. झुंगेरियन हॅमस्टर हिवाळ्यात पांढरा पडतो आणि रोज काही तासांपुरताच गारठून निपचित होतो. सीरियन हॅमस्टर पांढरा पडत नाही, आणि एकदा गारठला की सलग काही दिवस तसाच राहतो. मुलं दोन ठिकाणची माहिती गोळा करतात, दोन्हींत 'हॅमस्टर' लिहिलेलं असतं, आणि वहीत एक असा प्राणी तयार होतो जो जगात कुठेच नाही. म्हणून वहीच्या पहिल्या ओळीत शास्त्रीय नाव लिहा आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्याच नावाखाली सापडली का ते बघा.

मी निवडलेली जोडी अशी: वुड फ्रॉग, म्हणजे राना सिल्व्हॅटिका, काही पुस्तकांत लिथोबेट्स सिल्व्हॅटिकस असंही मिळेल, प्राणी तोच. आणि सीरियन हॅमस्टर, म्हणजे मेसोक्रिसेटस ऑरॅटस, ज्याला सोनेरी हॅमस्टरही म्हणतात. पहिला उत्तर अमेरिकेतल्या जंगलांत, थेट अलास्कापर्यंत राहतो. दुसऱ्याचं मूळ घर सीरियाच्या वायव्येला अलेप्पोच्या आसपासच्या आणि तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या पठारावर. यांची एकमेकांशी कधी गाठ पडलेली नाही. पण दोघांनाही कडक हिवाळा काढावा लागतो, आणि दोघंही तो अंग थंड पडू देऊन काढतात. जोडी निवडताना मी हेच शोधते: अडचण एक आणि ती सोडवणारे दोघे अगदी वेगळ्या घराण्यांतले.

दुसरं काम प्रश्न ठरवण्याचं, आणि तुलनेचा जीव त्यातच आहे. 'दोघांत फरक काय?' हा प्रश्न घेऊन बसलात तर फरक मोजता मोजता आयुष्य सरेल, कारण बेडूक आणि हॅमस्टर यांच्यात फरकच फरक आहेत. त्याऐवजी दोन्ही प्राण्यांना एकच प्रश्न विचारा आणि दोघांकडून उत्तर घ्या. माझा प्रश्न होता: थंडीत हा मरत कसा नाही? त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न निघाले. साठा कुठे ठेवतो? अंगातलं काय काय बंद करतो? आणि त्याला परत उठवतं कोण? ज्या माहितीने या तिघांपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही ती कितीही मजेदार असली तरी बाजूला ठेवा. माझ्याही यादीतून बरंच गळलं. बेडूक घास गिळताना डोळे आत ओढून तो घास खाली ढकलायला मदत करतो, हे मला फार आवडतं, पण हिवाळ्याशी त्याचा संबंध नाही.

मोजमापाबद्दल थोडक्यात सांगते. बेडकाची लांबी तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत मोजतात, मागचे लांब पाय त्यात धरत नाहीत. वुड फ्रॉग अशा मापाने साधारण 5 ते 7 सेंटिमीटर भरतो. हॅमस्टरचं डोकं आणि धड मोजतात, शेपटी सोडून. ते 15 सेंटिमीटरच्या आसपास येतं. एका बाजूला पाय धरले आणि दुसऱ्या बाजूला शेपटी सोडली तर आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही. तापमानाचंही तसंच. जागा असलेल्या हॅमस्टरचं अंग 37 अंशांच्या आसपास असतं, बाहेर काहीही असो. बेडकाचं अंग भोवतालच्या ओल्या पाल्याइतकंच गरम किंवा गार. तेव्हा बेडकाच्या ठोक्यांचा किंवा श्वासांचा आकडा लिहाल तर तो किती तापमानाला मोजलेला आहे तेही लिहा, नाहीतर तो आकडा लिहूच नका.

आता तिसरं काम. एक प्राणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग लिहून काढा, मग दुसरा. रेघ मारून दोन रकान्यांत लगेच उड्या मारायला लागलात तर दोघांचीही गोष्ट तुटते.

बेडकापासून सुरुवात करू. शरद ऋतूत वुड फ्रॉग खाऊन खाऊन यकृतात ग्लायकोजेन साठवतो. ग्लायकोजेन म्हणजे साखरेची बांधून ठेवलेली मोळी. या दिवसांत त्याचं यकृत तिने फुगलेलं असतं. मग तो तळ्याच्या तळाशी न जाता जमिनीवरच, पडलेल्या पानांच्या थराखाली, अगदी उथळ जागी दबा धरून बसतो. पान ओलं असतं, ते गोठतं, बर्फाचा कण त्याच्या ओल्या कातडीला टेकतो आणि तिथून बर्फ अंगात शिरतो. कातडीला बर्फ लागल्याबरोबर यकृतातली मोळी सुटते आणि रक्तात साखर ओतली जायला लागते. ती इतकी वाढते की माणसाच्या रक्तात तेवढी झाली तर माणूस वाचणार नाही. ही साखर पेशींच्या आत जाऊन तिथलं पाणी धरून ठेवते. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर: कातडीखाली, पोटाच्या पोकळीत, अवयवांच्या भोवती. साखरेच्या जोडीला त्याच्या अंगात युरियाही साठलेला असतो, एरवी लघवीवाटे जाणारा, आणि तोही पेशींना सांभाळायला उपयोगी पडतो.

अंगातल्या पाण्यापैकी सुमारे दोनतृतीयांश पाण्याचा बर्फ होऊ शकतो. श्वास थांबतो. रक्त फिरायचं थांबतं, हृदय थांबतं. डोळे दुधी पांढरे दिसतात, कारण भिंगही गोठलेलं असतं. असा बेडूक टेबलावर ठेवला तर खड्यासारखा वाजतो. 1982 साली हे शास्त्रीय नियतकालिकात पहिल्यांदा छापून आलं, म्हणजे ही तशी अलीकडचीच ओळख. पुढे अलास्कातले बेडूक त्यांच्या स्वतःच्या जागी, उघड्यावर ठेवून त्यांच्यावर नजर ठेवली गेली आणि 2014 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. ते सरासरी 193 दिवस सलग गोठून राहिले, नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान उणे 18.1 अंश होतं, आणि सगळेच्या सगळे वसंतात जिवंत निघाले.

उणे 18 हा आकडा मुलांना वाचून दाखवला की ती मान हलवतात आणि पुढे जातात. म्हणून मी एक साधी गोष्ट करायला लावते. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा साधारण उणे 18 लाच लावलेला असतो. दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत साधं पाणी. दुसरीत कोमट पाण्यात त्याच्याच वजनाची साखर पूर्ण विरघळवून केलेला पाक. दोन्ही रात्रभर त्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी प्रत्येकीत चमचा खुपसून बघा. पाण्याच्या वाटीवर चमचा टणकन वाजून सरकतो. पाकाच्या वाटीत तो आत रुततो; जाडसर, दाणेदार, पण हलणारं काहीतरी चमच्यावर येतं. मला ही दुसरी वाटी उन्हात धरून बघायला आवडतं. त्यात बर्फाचे बारीक कण दिसतात आणि त्यांच्या मध्ये न गोठलेला, आणखी दाट झालेला पाक. बर्फ झाला तो पाण्याचा, साखर मागे राहिली आणि राहिलेल्या पाण्याला तिने गोठू दिलं नाही. बेडकाचं रक्त पाकाइतकं दाट होत नाही हे वहीत स्पष्ट लिहा, पण रीत तीच आहे. खऱ्या बेडकावर मात्र असा प्रयोग कोणीही, कधीही करायचा नाही. बहुतेक जातींचे बेडूक गोठले की मरतात.

आता हॅमस्टर. याच्या साठ्याची जागा अंगाबाहेर आहे. गालांच्या आत दोन्ही बाजूंना पिशव्या असतात, भरल्या की खांद्याच्याही मागे पोचणाऱ्या. धान्य, बिया जे मिळेल ते त्यात कोंबायचं, बिळात जायचं आणि पुढच्या पायांनी गाल पुढे ढकलत रिकामे करायचे. हॅमस्टर हे नाव ज्या जर्मन भाषेतून आलं तिच्यात 'साठेबाजी करणं' याला याच शब्दापासून झालेलं क्रियापद आहे. अलेप्पोच्या पठारावर शोधलेली बिळं 36 पासून 106 सेंटिमीटरपर्यंत खोल भरली, आणि एका बिळात एकच मोठा हॅमस्टर राहतो. या खोलीकडे लक्ष द्या. बेडूक पानाखाली बोटभर खोलीवर बसतो, म्हणून त्याला गोठणं टळत नाही. हॅमस्टर हातभर आणि त्याहून खाली जातो, जिथे माती गोठत नाही. त्यामुळे बर्फ सोसण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

पण गारठा तर पोचतोच. दिवस लहान होतात, हवा थंड होते, आणि काही आठवड्यांनी हॅमस्टर गोळा होऊन अंगाचा शेगडा विझवतो. 37 अंशांवरचं अंग खाली येत येत भोवतालच्या मातीच्या जवळपास येऊन थांबतं, म्हणजे 5-6 अंशांपर्यंतही. एरवी मिनिटाला शेकड्यांत मोजावे लागणारे हृदयाचे ठोके दहा-पंधरांवर येतात. तरी ते चालू असतात. बेडकाच्या आणि याच्या गोष्टीतली ही फट मोठी आहे: एकाचं हृदय थांबतं, दुसऱ्याचं फार हळू होतं.

हे मला पाठ होतं, पण खरं कळलं ते एका विद्यार्थिनीच्या फोनमुळे. थंडीतली सकाळ होती. तिच्याकडे पाळलेला सीरियन हॅमस्टर होता, पिंजरा खिडकीलगत, आणि रात्रभर खिडकी उघडी राहिलेली. "बाई, गेला हो. अगदी गार आहे." ती रडत होती. मी तिला म्हटलं, तळहातावर घे आणि फक्त त्याच्या कुशीकडे बघ, घड्याळ लावून दोन मिनिटं, काही बोलू नकोस. पलीकडे नुसती शांतता. बऱ्याच वेळाने ती एकदम म्हणाली, "हलली! एकदा हलली." मेलेलं जनावर ताठ होतं; हा गोळा झालेला होता, पण पाय हळूच ओढला तर परत आत घेत होता. मी तिला खोली उबदार करायला आणि त्याला कापडात, तळहातांच्या उबेत धरायला सांगितलं. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावायची नाही, शेकायचं नाही, घाई करायची नाही. त्याला उठायला दोनेक तास लागले. मधे तो जोरजोरात थरथरायला लागला तेव्हा तिने घाबरून पुन्हा फोन केला. ती थरथर म्हणजे तो स्वतःला तापवत होता. त्याच दिवशी तिने त्याला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. पाळलेल्या हॅमस्टरला मुद्दाम थंडीत ठेवून हे बघायचा विचार मनातही आणू नका. रानातल्यासारखी तयारी आणि साठा त्याच्यापाशी नसतो, त्यातून तो न उठण्याची शक्यता खरी असते.

त्या थरथरीतच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. हॅमस्टर स्वतःला उठवतो. हिवाळाभर तो सलग पडून राहत नाही. तीन-चार दिवस थंड, मग काही तास पूर्ण गरम, पुन्हा थंड, अशा पाळ्या चालतात. प्रत्येक वेळी खांद्यांमधली तपकिरी चरबी जळते, तिची उष्णता सरळ अंगात जाते, वर स्नायूंची थरथर, आणि दोन-तीन तासांत अंग 37 वर. जागा झाला की बिळातल्या साठ्यातलं खातो, आणि मगच पुढची पाळी. हे उठणं फार महाग पडतं, अशा प्राण्यांच्या हिवाळ्यातल्या जळणाचा मोठा वाटा त्यातच जातो. म्हणून तर एवढं धान्य भरलेलं असतं.

बेडकाला हे जमत नाही. त्याच्याकडे पेटवायला शेगडीच नाही. जमीन तापली की तो विरघळतो, आणि तेही ठरल्या क्रमाने. आधी हृदय हलतं. मग श्वास. पाय सगळ्यांत शेवटी. रक्तातली साखर पुन्हा यकृतात जाऊन ग्लायकोजेन होते. आणि लगेच तो तळ्याकडे निघतो, कारण वुड फ्रॉगचा विणीचा काळ वसंताच्या अगदी सुरुवातीला असतो, कडेला बर्फ असतानाच. नरांचा आवाज दुरून बदकांच्या कलकलाटासारखा ऐकू येतो.

दोन्ही गोष्टी सलग लिहून झाल्या की मगच चौथं काम: रेघ मारा. आता रकाने आपोआप भरतात आणि तीनच ओळींत मावतात. साठा: एकाचा यकृतात, दुसऱ्याचा बिळात. बंद काय: एकाचं सगळंच, हृदयासकट, दुसऱ्याचं हृदय धुगधुगत राहतं. उठवणारं: एकाला बाहेरची ऊब, दुसऱ्याला स्वतःची चरबी. आणि ओळी एकमेकींना जोडून बघा. जो स्वतःला उठवतो त्याला मधून मधून खावं लागतं, म्हणून साठा हाताशी, बिळात हवा. जो उठूच शकत नाही त्याला बिळातल्या धान्याचा काय उपयोग? त्याचा साठा तो बेशुद्ध असतानाही जिथून रक्तात उतरेल अशाच जागी असायला हवा. माझ्या मते इथे तुलना घडते. एका रकान्यातलं उत्तर वाचून दुसऱ्या रकान्यातलं उत्तर तसंच का असावं हे कळायला लागतं.

या पायरीवर दोन शब्द जपून वापरा. 'शीतनिद्रा' हा शब्द पुस्तकात आहे, तोच लिहा, पण त्यातल्या निद्रेवर विसंबू नका. मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर 'हिवाळ्याची लांब झोप' असं लिहीत होते. पुढे वाचनात आलं की झुंगेरियन हॅमस्टर गारठ्यातून उठल्यावर गाढ झोपतात, जणू त्यांची झोप बुडालेली असावी. ती ओळ मी त्या वर्षीच पुसली आणि वर्गाला कारण सांगितलं. दुसरा शब्द 'थंड रक्ताचा'. हिवाळ्याच्या मध्यावर, 5 अंशांवर पडलेल्या हॅमस्टरचं रक्तही थंडच असतं. त्याऐवजी उष्णता कुठून येते ते लिहा: बाहेरून की आतून.

साम्यासाठीही एक जागा ठेवा. मुलं साम्याच्या रकान्यात 'दोघांनाही पाठीचा कणा असतो' असं लिहून मोकळी होतात. आपल्या प्रश्नातूनच निघालेलं साम्य शोधा. दोघंही दिवस बरे असतानाच कामाला लागतात. दोघंही हिवाळ्याशी झगडत अंग गरम ठेवायला जात नाहीत, ते थंड पडू देतात. आणि अंग थंड झालं की लागणारं जळण कमी होतं, हा हिशेब दोघांनाही सारखाच लागू पडतो.

प्राण्याची ओळख करून देणारा एखादा परिच्छेद हवा असेल तर तो शेवटी जोडा, आधी नको. हॅमस्टरसाठी मी हा देते: 1839 मध्ये जॉर्ज वॉटरहाउस यांनी या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि 1930 मध्ये प्राणीशास्त्रज्ञ इस्राएल आहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका बिळातून मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. आज घराघरांत आणि प्रयोगशाळांत असलेले जवळपास सगळे सीरियन हॅमस्टर त्या एका बिळातले वंशज आहेत. पिंजऱ्यांत त्यांना तोटा नाही, पण मूळच्या पठारावर ही जात धोक्यात आलेली आहे, आणि हे वहीत आलंच पाहिजे असं मला वाटतं.

वही माझ्याकडे देण्याआधी मुलांना एक शेवटचं काम करायला सांगते. लाल पेन घ्या, प्रत्येक वाक्यातलं प्राण्याचं नाव खोडून त्या जागी दुसरी एखादी जात घालून वाचा. 'वुड फ्रॉगची कातडी ओलसर असते' यात कोणताही बेडूक बसतो, ओळ काढा. 'वुड फ्रॉग गोठूनही जगतो' हे वाक्य बरं वाटतं, पण उत्तर अमेरिकेतला करडा ट्री फ्रॉगही गोठूनच हिवाळा काढतो, म्हणजे वाक्य अजून सैल आहे. 'उत्तर अमेरिकेतल्या बेडकांपैकी आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे राहणारा एकटा वुड फ्रॉग, आणि तो तिथे गोठून हिवाळा काढतो' यात दुसरं नाव घालून बघा. बसत नाही. ती ओळ ठेवा.